माणदेशात पर्माकल्चर : आधी पाणी अडवा, मग झाड लावा

दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत या सातारा-सांगलीतल्या माणदेशी पट्ट्यात वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. सातारा जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, महाबळेश्वरात, तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. त्यामुळे आपल्याकडे पाणीच नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. एकदा कागदावर हिशेब मांडून बघा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तुमच्या एका एकरावर जवळपास २० लाख लिटर पाणी पडतं. म्हणजे दहा हजार लिटरचे दोनशे टँकर, तेही फुकट. अडचण एवढीच की हे पाणी वळवाच्या चार सरींत आणि परतीच्या पावसाच्या काही दिवसांत धबाधबा येतं आणि माळावरची माती घेऊन ओढ्याला लागतं.

म्हणून या लेखात झाडांच्या यादीपासून सुरुवात केलेली नाही. माझं ठाम मत आहे की माणदेशात पर्माकल्चर करायचं, तर पहिल्या पावसाळ्यात एकही फळझाड लावू नये. तो पावसाळा बघण्यात घालवावा. दुसऱ्या उन्हाळ्यात चर खोदावेत आणि झाडं त्यानंतर.

पर्माकल्चर ही पद्धत १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी मांडली. घर, पाणी, झाडं, जनावरं आणि माणसाचा रोजचा वावर यांची मांडणी अशी करायची, की एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या कामी येईल. आपल्याला हा विचार अगदीच परका नाही. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांना आपापल्या बागेत प्रयोग करायला लावले होते. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागलं पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला. मात्र ऑस्ट्रेलियातले आराखडे जसेच्या तसे उतरवून घेऊ नका. तिथं सूर्य उत्तरेकडून येतो, त्यामुळे तिथल्या चित्रांत घराची उघडी बाजू उत्तरेला असते. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये जरा उत्तरेकडे सरकतो. इथं मारतं ते पश्चिमेचं दुपारनंतरचं ऊन. सावलीची सगळी आखणी त्या बाजूचा विचार करून करा.

पहिला पावसाळा : बघायचा आणि लिहायचा

गावनकाशा आणि गटाचा नकाशा घ्या, पण कामाचा नकाशा स्वतःच काढा. चौकटीच्या कागदावर एका चौकटीला एक गुंठा धरला, तरी पुरे. त्यावर बांध, विहीर, घर, असलेली झाडं, पायवाट आणि ओघळी दाखवा.

मग मोठी सर आली की छत्री घेऊन शेतात जा. पाणी वरच्या शेतातून कुठून आत शिरतं, कुठं पसरतं, कुठं एकत्र होऊन धावायला लागतं, बांधाला कुठं भगदाड पडतं आणि शेवटी शेतातून कुठून बाहेर जातं, हे सगळं नकाशावर बाणांनी दाखवा. पाऊस थांबल्यावर तासाभराने परत जा. पाणी कुठं साचलंय आणि कुठं लगेच जिरलंय, तेही लिहा. हे काम कोरड्या दिवशी होत नाही आणि कुठल्याही सल्लागाराला पैसे देऊन करून घेता येत नाही. ते तुमच्याच डोळ्यांनी व्हायला हवं.

उताराचं माप घ्यायला गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरा आणि तिची दोन टोकं खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधा. दोन माणसं उताराच्या दिशेने १० मीटर अंतरावर उभी राहिली, की दोन काठ्यांवरच्या पाण्याच्या खुणांत फरक दिसेल. तो फरक ५० सेंटिमीटर असेल, तर उतार ५ टक्के.

माती किती पाणी पिते तेही बघा. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, त्यात पाणी भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळचं पाणी जिरायला किती वेळ लागला ते लिहा. मुरमाड जागी ते झरझर उतरतं, काळीत तासन्‌तास राहतं. एकाच एकरात वरच्या अंगाला मुरूम आणि खालच्या अंगाला काळी असं आपल्याकडे सर्रास असतं, म्हणून हे तीन-चार ठिकाणी करा. पुढचा अर्धा आराखडा या एका मापावर ठरतो.

वाऱ्याचीही नोंद ठेवा. जून ते ऑगस्ट माणदेशात पावसापेक्षा वाराच जास्त येतो, पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून, दिवसच्या दिवस. ढालगावला आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या वाऱ्यामुळेच. हा वारा मातीतली ओल आणि पानांतलं पाणी दोन्ही ओढून नेतो. तिसरी गोष्ट वणवा. फेब्रुवारी ते मे या काळात तो कुठल्या डोंगराच्या अंगाने येतो, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मेंढपाळांना विचारा. रानडुकरांची वाटही तेच सांगतील.

चर : मोजून, समपातळीत

उन्हाळ्यात चर आखायला घ्या. आखणीसाठी लागणारं अवजार घरी बनतं. सात फुटांचे दोन बांबू वरच्या टोकाला घट्ट बांधा, खाली पायांमध्ये बरोबर २ मीटर अंतर ठेवा आणि मध्ये आडवी पट्टी बांधा. वरच्या गाठीपासून दोरी सोडून तिला दगड बांधा. हा तिकाटणा जमिनीवर उभा करा, दोन्ही पायांच्या जागी खुणा करा आणि दोरी पट्टीला जिथं टेकते तिथं रेघ मारा. आता पाय उलटे करा, म्हणजे डाव्या खुणेवर उजवा पाय. पुन्हा रेघ मारा. या दोन रेघांच्या बरोबर मध्यावर तिसरी रेघ मारा. दोरी तिथं आली की दोन्ही पाय समपातळीत आहेत. पुढं एक पाय रोवून दुसरा फिरवत जायचं आणि दर २ मीटरला फक्कीची खूण टाकायची. ओळ वाकडीतिकडी दिसेल. ती तशीच हवी. ट्रॅक्टरला सोपं जावं म्हणून ती सरळ केली, की ती समपातळी राहत नाही आणि सगळं पाणी एका सखल जागी जमून बांध फोडतं.

सुरुवात शेताच्या वरच्या टोकापासून करा. वरचं पाणी आवरलं, की खालचं काम आपोआप हलकं होतं.

दोन चरांमध्ये उंचीचा फरक साधारण १ मीटर ठेवा. ५ टक्के उतारावर हे अंतर २० मीटर येतं. चर वर १ मीटर रुंद, तळाला ४० सेंटिमीटर आणि अर्धा मीटर खोल घेतला, तर एका मीटर लांबीत ३५० लिटर पाणी मावतं. ६० मीटर लांबीच्या चरात २१,००० लिटर. आता पावसाकडून ताळा करा. त्या चराच्या वरची जागा २० गुणिले ६०, म्हणजे १,२०० चौरस मीटर. ५० मिलिमीटरची जोरदार सर आली आणि त्यातलं ३५ टक्के पाणी वाहून आलं, तर तेही २१,००० लिटरच होतं. तुमच्या जमिनीचा उतार आणि पाणी पिण्याचा वेग टाकून हाच हिशेब मांडा आणि चराचं माप ठरवा. कुणाच्या तरी शेतातलं माप उचलून आणू नका.

खोदलेली माती नेहमी खालच्या बाजूला टाकायची. चर आणि मातीचा ढीग यांत फूटभर मोकळी पायरी ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात माती परत चरात येते. दर १०-१५ मीटरवर चरात न खोदलेला आडवा पट्टा सोडा. एखाद्या जागी पातळी चुकली, तरी अख्ख्या चराचं पाणी तिकडं धावत नाही.

प्रत्येक चराला सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) हवाच. बांधाच्या माथ्यापेक्षा १५ सेंटिमीटर खाली, मीटरभर रुंद, दगडांनी बांधलेला आणि पुढं गवत असलेला. एका चराचा सांडवा डाव्या टोकाला असेल, तर खालच्याचा उजव्या टोकाला ठेवा. पाण्याला शेताची पूर्ण रुंदी चालायला लावायची आणि शेवटी नैसर्गिक ओघळीतच सोडायचं. पावसाळ्यात शेतावर एकदाच जाता येणार असेल, तर त्या एका फेरीत सांडवे बघा.

बांधावर लगेच मारवेल गवताचे ठोंब लावा, कडेने वाळा. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. मारवेल जनावरांनाही चालतं.

दोन ठिकाणी हे असं करू नका. खोल काळ्या रानात बंद समपातळी चर घातला, तर पाणी साठून पीक पिवळं पडतं आणि उन्हाळ्यात पडलेल्या भेगांमधून बांध फुटतो. तिथं १०० मीटरला २०-३० सेंटिमीटर इतका हलका ढाळ देऊन पाणी गवताच्या पट्ट्यातून बाहेर काढा. आणि उभ्या, दगडी उतारावर खोदकामाच्या भानगडीत न पडता दगडांची ताल, म्हणजे आडवा दगडी बांध, रचा. पाया जमिनीत फूटभर खाली घ्या, मोठे दगड खाली ठेवा आणि फटी बारक्या दगडांनी भरा. मागे गाळ साठत गेला, की दोन-तीन वर्षांत तालीमागे पेरण्याजोगी माती तयार होते.

जिरवलेलं पाणी आपल्याच हद्दीत राहील, असं धरून चालू नका. आपल्या बेसाल्टच्या खडकात ते मुरमाच्या थरातून उताराने सरकतं आणि खालच्या अंगाच्या विहिरीत निघतं. ती विहीर शेजाऱ्याची असू शकते. त्यामुळे चर खोदायच्या आधी वरच्या आणि खालच्या दोन्ही शेजाऱ्यांना नकाशा दाखवा आणि सांडव्याचं पाणी कुठं उतरणार, ते ठरवून घ्या. पाण्याचं काम एकट्याच्या बांधात संपत नाही, हे आपल्या भागाने आधीच दाखवलंय. खानापूर तालुक्यात बलवडीजवळ येरळा नदीवर लोकांनी १९८०च्या दशकात बळीराजा धरण उभं केलं, तेव्हा धरणाइतकाच जोर समान पाणीवाटपावर होता. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने २०१६ साली श्रमदानाने पाणलोटाचं काम करून पानी फाउंडेशनच्या स्पर्धेतला पहिला वॉटर कप मिळवला, तोही सगळं गाव शिवारात उतरल्यामुळे. एकट्याला खर्च झेपत नसेल, तर ग्रामपंचायतीत रोजगार हमीतून बांधबंदिस्ती आणि फळबाग या दोन्हींसाठी मागणी करता येईल का, ते विचारा. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) सोबत घ्या.

घराभोवती

इथं नियम सोपा आहे. ज्या गोष्टीकडे दिवसातून जितक्या वेळा जावं लागतं, तितकी ती दाराजवळ. कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, गवती चहा स्वयंपाकघराच्या दारात. कोंबड्यांचं खुराडं आणि शेवगा त्यापुढं. सीताफळ, बोर, आवळा त्याच्याही पलीकडे, आठवड्यातून दोनदा फेरी होईल तिथं. बाजरी-तुरीचं रान त्यानंतर. सगळ्यात लांब चारा आणि सरपण. ओघळीच्या काठचे दोन-तीन गुंठे मात्र पूर्ण सोडून द्या. तिथं नांगर नाही, कोयता नाही. पक्षी, मधमाश्या आणि साप तिथं राहतील, आणि किडीचा, उंदरांचा बंदोबस्त तेच करतील.

६० चौरस मीटरच्या पत्र्यावर ५०० मिलिमीटर पावसात ३०,००० लिटर पाणी पडतं; वाया जाणारं सोडलं, तरी २५,००० लिटर मिळतं. पहिल्या दोन सरींनी पत्रा धुऊन जाऊ द्या, नंतरचं पाणी टाकीत घ्या. एवढी मोठी टाकी परवडत नसेल, तर ५,००० लिटरची बांधा आणि तिचा ओव्हरफ्लो सरळ जवळच्या झाडांच्या आळ्यात सोडा.

न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी पाच माणसांच्या घरात रोज दोनशे-अडीचशे लिटर तरी होतं. उन्हाळ्यात बाहेर टँकर लागतो, तेव्हा हेच पाणी मोरीमागे डबकं करून डास वाढवत असतं. त्यासाठी २ मीटर रुंद आणि मीटरभर खोल गोल खड्डा घ्या. खोदलेली माती काठावर गोल रचा. खड्ड्यात तळाशी जाड फांद्या, वर तुराट्या, पालापाचोळा आणि शेण भरून शीग लावा. पाणी नळीने मध्ये सोडा. काठाच्या मातीत चार केळी, एखादी पपई आणि आतल्या उतारावर अळू लावा. असे दोन खड्डे केले, की आठवड्याने पाणी आलटूनपालटून सोडता येतं आणि वास येत नाही. धुण्याचा सोडा मात्र कमी करा. त्यातला क्षार काळ्या मातीत साठतो आणि ती दगडासारखी घट्ट होते.

झाडं

कुठली झाडं लावायची ते ठरवायच्या आधी देवराष्ट्रेजवळच्या सागरेश्वर अभयारण्यात एक दिवस काढा. उघड्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने माणसांनी उभं केलेलं हे जंगल आहे. कमी पावसात कुठली झाडं कुठल्या उतारावर तगतात, ते तिथं चालता चालता कळतं.

फळझाडाच्याही आधी कुंपण. कापणी झाली की शेतं चराईला मोकळी होतात आणि एका दुपारी शेळ्या वर्षभराची मेहनत खाऊन जातात. बाहेरच्या ओळीत सागरगोटा, चिलार, करवंद, घायपात, कुठं शेर. शेर तोडताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, डोळ्यांना गंभीर इजा होते. वणव्याच्या बाजूला कुंपणाबाहेर चार-पाच मीटरचा जाळपट्टा जानेवारी संपायच्या आत साफ करून ठेवा.

पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला वाऱ्याची आडोशाची रांग लावा : बाहेर निरगुडी, मग गिरिपुष्प, आत करंज, कडुनिंब, चिंच. ही रांग थोडी विरळ हवी. भिंतीसारखी गच्च केली, तर वारा वरून उडी मारून आत भोवरा करतो. चांगली रांग तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावते. शेवगा या रांगेत लावू नका, त्याचं लाकूड ठिसूळ असतं आणि जुलैच्या वाऱ्यात मोडतं.

फळझाडं चराच्या खालच्या बांधाच्या पायथ्याशी लावा, चरात नाही. ओल तिथं सगळ्यात जास्त काळ टिकते. चिंच, कवठ, सीताफळ, बोर यांच्या बिया जागेवरच टोका. पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळलेलं असतं. बीपासून जागेवर आलेलं झाड खालच्या मुरमात सरळ मूळ घालतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यापासून फारसं पाणी मागत नाही. बोरीचं जंगली रोप जागेवर वाढवून त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरा. एका जागी तीन-चार बिया टोका आणि जोमदार ते एक ठेवा.

प्रत्येक फळझाडाभोवती गिरिपुष्प, हादगा, तूर यांची सात-आठ झाडं दाट लावा. ही सोबतीची झाडं आहेत. पहिली दोन वर्षं ती सावली देतात. जुलैत आणि सप्टेंबरात ती कंबरेइतकी छाटून पाला बुंध्याशी टाकायचा. फळझाड वाढत जाईल तशी सोबतीची झाडं कमी करा. सुबाभूळ मी सुचवत नाही. बी पसरून ती सगळं रान व्यापते.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाण्यासाठी कुंभाराकडचं कच्चं भाजलेलं, पाझरणारं मडकं झाडापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवा. चार-पाच दिवसांनी एकदा भरलं की चालतं. वरून ओतलेल्या पाण्याची वाफ होते, हे पाणी मुळाशीच जातं.

माती झाकून ठेवा

मे महिन्यात उघड्या मातीला हात लावून बघा, चटका बसतो. त्या मातीवर जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) ओतून काही साधत नाही. आधी चार-सहा इंच आच्छादन, मग बाकीचं. बाजरीचं सरमाड, तुराट्या, भुसकट, गवत काहीही चालतं. वाळवा, कराड, पलूसकडे उसाचं पाचट अजूनही कित्येक रानांत पेटवून देतात. गाडीभाडं जमत असेल, तर ते आणा. वाळवीला भिऊन आच्छादन टाळू नका, फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा.

मेंढ्या बसवणं ही आपल्या भागातली जुनी, पक्की रीत आहे. रब्बीचं रान मोकळं झालं, की धनगरांशी बोलून काही रात्री कळप वावरात बसवा. लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर मिळतं, वाहतूक नाही. फक्त नव्या झाडांना आधी काट्यांचं कुंपण करून घ्या.

रानात एकटं पीक घेऊ नका. बाजरीच्या चार काकऱ्यांमागे तुरीची एक, मध्ये मटकी किंवा हुलगा. बाजरी निघाल्यावर तूर उभी राहते आणि मटकी जमीन झाकते.

शेततळ्याबद्दल

प्लास्टिकचं शेततळं बोअरच्या पाण्याने भरायचं, हा प्रकार आपल्याकडे फार वाढलाय, आणि मला तो मनापासून खटकतो. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, असा तो व्यवहार आहे. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची पातळी दिवसाला ८ मिलिमीटरच्या आसपास वाफेने उतरते. १,००० चौरस मीटरच्या तळ्यातून रोज ८,००० लिटर गेले. तळं हवंच असेल, तर ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरणारं, रुंदीला लहान आणि खोलीला जास्त करा, आणि तेही चर होऊन दोन पावसाळे गेल्यावर. पुष्कळदा तोवर लक्षात येतं की तळ्याची गरजच उरलेली नाही.

दरवर्षीची देखभाल

मेमध्ये चरांतला गाळ काढून झाडांच्या आळ्यांत टाका. पहिल्या मोठ्या सरीनंतर त्याच दिवशी सगळे सांडवे बघा, निसटलेले दगड बसवा. बांधावरचं गवत बी धरल्यावरच कापा. आणि विहिरीत दर अमावास्येला दोरीला दगड बांधून सोडा, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर तारखेसह वहीत लिहा. जवळपास पर्जन्यमापक नसेल, तर सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून पावसाचं मापही त्याच पानावर टिपा. चौथ्या वर्षी कुठला चर लांबवायचा, कुठला उथळ करायचा आणि आणखी किती झाडं पेलतील, ते या वहीतल्या आकड्यांवरून ठरवा.